गॅलरीत खोकणारा

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टवाला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आत स्टुलावर बसून मजल्यांची बटणं दाबणारा माणूस येतो, आणि मग माझं डोकं फिरतं. हा बटणं दाबत नाही. बटण दाबल्यावर डबा खाली न कोसळता वर का जातो, ते बघणं याचं काम. शहरातल्या जुन्या इमारतींमधून जाळीच्या दाराच्या ज्या म्हाताऱ्या लिफ्ट अजून कुरकुरत चालतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच्या जिवावर चालतात.

कामावर याला एक जोडीदार आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि नवरा मला सरकार म्हणतो. त्याच्या मते मी नुसते हुकूम सोडते. खरं तर मी घरात शिवणाचं मशीन चालवते. नवे कपडे नाही शिवत. पॅंट आखूड करणं, चेन बदलणं, कमरेत घेणं, कमरेत सोडणं, आणि रफू. सोडण्याचं काम घेण्यापेक्षा जास्त येतं, त्यावरून लोक कसे जेवतात ते समजतं.

या दोघांच्या कामाची एक रीत होती. लिफ्ट ज्या बोगद्यातून वरखाली होते, त्याच्या तळाशी माणूसभर खोल खड्डा असतो. तिथं तेल, धूळ, लोकांच्या हातून पडलेल्या किल्ल्या, सगळं साठतं. ते साफ करायला, रुळांना वंगण द्यायला एकाला खाली उतरावं लागतं. त्याआधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन मुख्य स्विच बंद करायचा. त्यावर "काम चालू आहे" अशी पाटी अडकवायची असते, पण पाट्या पडतात, कोणीतरी उचलून ठेवतं, कोणी वाचतच नाही. म्हणून माझा नवरा खाली उतरण्याआधी स्विचच्या पेटीवर आपलं सिगारेटचं पाकीट ठेवायचा. पाकीट दिसलं म्हणजे खाली माणूस आहे. स्विचला हात लावायचा नाही. ज्यानं ठेवलं त्यानंच वर येऊन उचलायचं.

यात गोम अशी की भाऊजी सिगारेट ओढत नाहीत, पण त्यांचं तोंड दिवसभर चालू असतं. बिस्किट, शेंगदाणे, कोणाची अर्धी खाल्लेली चॉकलेटची वडी, दिसेल ते. टेबलावर ठेवलेली खायची वस्तू त्यांच्या हातून वाचली असं मी तरी कधी पाहिलं नाही. एक सिगारेटचं पाकीट तेवढं त्यांच्यापासून सुरक्षित होतं.

नवरा मात्र लग्नाच्या आधीपासून ओढायचा आणि अगदी मन लावून ओढायचा. संध्याकाळी कामावरून आला की गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसायचा. माझं मशीन गॅलरीच्या दाराला लागूनच. तो धूर सोडत दिवसभराच्या गोष्टी सांगायचा, अडकलेल्या लिफ्टमधून कोण कसं ओरडलं, कोणी आतल्या आत भांडण मिटवलं, कोणी नवीन उकरून काढलं. सगळ्यांचे आवाज काढून सांगायचा. मी वासावरून बोलायची आणि हसायची. त्याच्या शर्टांना ठिणगीची भोकं पडायची, ती मी रफू करायची. दोरा कुठला घालायचा ते डोळे मिटून सांगितलं असतं, इतकी सवय झाली होती.

मग त्याच्या उजव्या पायाचं बोट काळं पडलं. आधी गार पडलं, मग निळं, मग काळं. त्यानं ते मोज्यात लपवलं. नवऱ्यांना वाटतं, बायकोला मोज्याच्या आतलं दिसत नाही.

डॉक्टरीणबाई तोंडाच्या फटकळ होत्या, मला त्या आवडल्या. त्यांनी याच्या पायाच्या घोट्याशी बोटं दाबून बराच वेळ नाडी शोधली आणि मग म्हणाल्या, "रक्ताच्या नळ्या आखडल्यात. हे बोट काढावं लागेल. सिगारेट आजपासून बंद केली तर गोष्ट तिथंच थांबेल. नाही केली तर आधी पाऊल, मग गुडघा."

यानं विचारलं, "हळूहळू कमी केली तर?"

"मग हळूहळू पाय जाईल," बाई म्हणाल्या. "एकसुद्धा नाही. एक ओढली तरी नळ्या पुन्हा आखडतात. आणि तलफ आली तर घाबरायचं नाही, ती दहा मिनिटं असते. तेवढा वेळ हाताला काम द्या."

एका पायाचा लिफ्ट मिस्त्री मी काही पाहिलेला नाही. त्यानंही नाही. दवाखान्याच्या पायऱ्या आम्ही उतरलो. खाली आल्यावर तो क्षणभर थांबला, कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बघितलं आणि माझ्या मागोमाग घराकडे वळला.

बोट काढलं. सिगारेट सुटली. सुटली म्हणायला एक शब्द लागतो, पण त्या दिवसांत आमच्या नाकी नऊ आले. तो पाणी प्यायचा, पुन्हा पाणी प्यायचा. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा, हात चोरीला जाणार असल्यासारखे. चमच्यावर ओरडायचा. पेपरमिंटच्या गोळ्या चघळून चघळून जिभेची सालं काढली. मग मी माझा बटणांचा डबा त्याच्यापुढे ओतला. तलफ आली की बटणं निवडायची. रंग वेगळे, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. तो मान खाली घालून निवडायचा, कपाळावर घाम यायचा. निवडून झालं की तो जरा शांत व्हायचा, आणि त्याची पाठ वळली की मी सगळी परत एकत्र करून ठेवायची. त्याला ते कळत होतं.

गॅलरीत बसणं त्यानं बंद केलं. तिथं बसलं की हात आपोआप खिशात जातो म्हणाला. संध्याकाळी आम्ही दाराला कडी घालून आत बसायचो. गोष्टीही बंद झाल्या. तो निरोगी होत होता आणि घरात मशीनच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. मी स्वतःला बजावायची, पाय महत्त्वाचा.

एका दुपारी गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे काढताना त्याच्या निळ्या कामाच्या शर्टाला छातीशी भोक दिसलं. गोल, कडेनं तपकिरी. मी तसली भोकं आयुष्यभर बुजवत आले आहे, मला त्यात कोण फसवणार? शर्ट सकाळी मीच धुतला होता तेव्हा भोक नव्हतं, पण रागात एवढा हिशोब कोण करतं? तो घरी आला तसा मी शर्ट त्याच्या तोंडावर धरला.

"हे काय?"

"मला काय माहीत."

"लाज नाही वाटत? पायाकडे बघ स्वतःच्या."

त्यानं दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. वंगण आणि पेपरमिंट. तोंड उघडून श्वास सोडला. पेपरमिंट. शर्ट हातात घेऊन त्यानं भोकाची कड बोटानं चाचपली आणि पटकन बोट मागे घेतलं. मला वाटलं, नाटक करतोय. मी पण हात लावला. कड गरम होती.

वरचा मजला कित्येक महिने बंद आहे. कुलपाला जाळी लागली आहेत. तरी मी म्हटलं, वरून ठिणगी पडली असेल. तो म्हणाला, असेल.

नंतर वास येऊ लागला. शिळा, पडद्यात अडकून राहिलेला नव्हे. ताजा, आत्ता पेटवलेल्या सिगारेटचा. तो नेमका कधी यायचा ते पुढे माझ्या लक्षात आलं. हा टेबलाशी बसून घाम पुसत बटणं निवडायला लागला की कडी घातलेल्या दाराच्या फटीतून तो आत यायचा. याची तलफ उतरली की विरायचा. हा जी ओढत नव्हता ती तिकडे ओढली जात होती.

आणि मग त्याच्या सुट्टीच्या दिवशी, लख्ख दुपारी, आम्ही समोरासमोर चहा पीत बसलो होतो तेव्हा गॅलरीत कोणीतरी खोकलं.

सिगारेट ओढणाऱ्याचा खोकला सारखाच असतो असं लोकांना वाटतं. नसतो. माझ्या नवऱ्याचा खोकला आधी दोनदा तोकडा, मग एक लांबलचक, त्याच्या शेवटी बारीक शिट्टी, आणि मग "हं" करून घसा साफ करणं. हा खोकला ऐकत मी रोज सकाळी उठत होते. सिगारेट सुटल्यापासून तो गेला होता. आता तो दाराच्या पलीकडून आला, शिट्टीसकट, "हं"सकट. मी दाराकडे बघितलंच नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा कप ओठांशी थांबला होता, ओठ मिटलेले होते.

"शेजारी कोणाला तरी सर्दी झालीय," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

मी उठून दार उघडलं. गॅलरीत कोणी नव्हतं. आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर, तिला ना जिना ना शेजारच्या गॅलरीची भिंत. आमच्या बाजूला दुपारी ऊन येत नाही. वेताच्या खुर्चीवर मी तळहात ठेवला तर बैठक उबदार होती, नुकतंच कोणी उठून गेल्यावर असते तशी. मी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. का, ते विचारू नका, तेवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा रस्त्याकडे तोंड करून होती.

किती दिवस आम्ही एकमेकांना शेजारच्यांची सर्दी सांगत राहिलो असतो कोण जाणे. एका संध्याकाळी तोच म्हणाला, बटणांवरून नजर न उचलता.

"सरकार, मला वाटतं मी सोडली आणि त्यानं सोडली नाही."

"कोणी?"

"मीच. आपण त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो ना, तेव्हा मी तुझ्यामागे आलो. तो दुकानाकडे वळला."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी म्हटलं. "आणि वळला तर वळला. इथं कशाला येतो?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मीच मूर्ख. "मग जाईल कुठं? त्याचं घर हेच आहे."

मला भुताखेतांचा मनापासून कंटाळा आहे. माझ्या बहिणीला दर घरात काहीतरी दिसतं आणि दर घराचं भाडं तिला परवडत नसतं. पण हे ऐकलं आणि मला पटलं. भूत म्हटलं असतं तर मी हसले असते. हा तर म्हणत होता, नवरा.

यानंतर मला पावलं ऐकू यायला लागली. मशीन थांबवलं की गॅलरीतून, या टोकाकडून त्या टोकाकडे. एक पाऊल धड पडायचं, दुसरं घासत यायचं. उजवं घासायचं. इकडे याची जखम छान भरत आली होती, डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली होती, तो जिने चढायला लागला होता. तिकडचं पाऊल दर आठवड्याला जास्त घासत होतं. काय चाललंय ते कळायला फार अक्कल लागत नव्हती. तो त्याच्या वाटेनं पुढं चालला होता, बाईंनी सांगितलेल्या वाटेनं.

मधल्या काळात पाकिटाचा प्रश्न होताच. सिगारेट सोडली तरी स्विचवर ठेवायला म्हणून नवरा एक न फोडलेलं पाकीट खिशात बाळगत होता. मी एकदा त्यावरून भांडले, तर म्हणाला, "ते ओढायचं नाही गं, ते माझं कुलूप आहे." पण एक दिवस त्यानंच ते कचऱ्यात टाकलं. खिशात सतत कुजबुजतं म्हणाला. त्याऐवजी पेपरमिंटची पत्र्याची डबी स्विचवर ठेवायची असं ठरवलं. भाऊजींना तसं सांगितलं. भाऊजींनी मान डोलावली.

पुढचं मला भाऊजींनी सांगितलं. ते भर दुपारी आले, बूट न काढता सरळ आत, आणि माझ्या मशीनशेजारी जमिनीवरच बसले. एवढा धिप्पाड माणूस. त्यांनी खिशातून ती डबी काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली.

"वहिनी, मी आज त्याला मारलाच होता."

मी मशीनवरून उठलेच. "कुठंय तो?"

"येतोय. मागून येतोय. चालत येतो म्हणाला. धडधाकट आहे."

झालं होतं ते असं. नवरा स्विच बंद करून, पेटीवर डबी ठेवून खड्ड्यात उतरला होता. भाऊजी सामान आणायला गेले होते. परत आले ते थेट मशीनच्या खोलीत. पेटीवर पाकीट नाही. म्हणजे खाली कोणी नाही. गोळ्यांची डबी दिसली. एक तोंडात टाकली, डबी खिशात घातली आणि स्विच चालू करून डबा वर घेतला. डबा वर गेला की त्याला तोलणारं लोखंडाचं वजन पलीकडून खाली येतं, थेट खड्ड्यापर्यंत. नवरा त्या वजनाच्याच रुळापाशी गुडघे टेकून बसला होता.

"सांगितलं होतं हो त्यानं मला," भाऊजी म्हणत होते. "कानांनी ऐकलं होतं. हातांना कोणी सांगितलंच नाही." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार? डबी मी स्टोव्हमागे फेकून दिली.

"पण मग तो वाचला कसा?"

"तो खड्ड्यात नव्हताच. वर आला होता. म्हणाला, कोणीतरी खोकलं."

तेवढ्यात नवरा दारात आला. चेहऱ्यावर वंगणाचे डाग आणि हसू. ते हसू बघून मला जास्त भीती वाटली. भाऊजी गेल्यावर तो टेबलाशी बसला आणि जुन्या दिवसांसारखा भडाभडा बोलायला लागला. खाली खड्ड्यात होतो, म्हणाला, आणि अचानक वास आला. तळमजल्याच्या उघड्या दारातून. अशी तलफ आली, इतक्या दिवसांत आली नव्हती अशी, डोळ्यांत पाणी आलं. मग खोकला. दोनदा तोकडा, मग लांब, मग शिट्टी. मी ठरवलं, आता बस्स. वर जायचं आणि जो कोणी असेल त्याच्याकडून एक मागून घ्यायची. फडकं तिथंच टाकलं आणि शिडी चढून वर आलो. दारापाशी कोणी नव्हतं. मागे वळलो तर वजन खाली उतरलं. फडकं त्याच्याखाली गेलं.

मग त्यानं खिशातून नवं कोरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, काडेपेटीसकट.

"त्यानं मला हाक मारली म्हणून मी आहे," तो म्हणाला. "तू आज पांढरी फटक होऊन बसली असतीस इथं. एक, सरकार. त्याच्याबरोबर बसून एकच ओढतो. एवढं तर देणं लागतो."

"बाई काय म्हणाल्या होत्या?"

"बाई खड्ड्यात नव्हत्या."

भांडायला माझ्याकडे एरवी शब्द कमी पडत नाहीत. पण ज्यानं याचा जीव वाचवला त्याच्याशी भांडायचं कसं? आणि खरं सांगायचं तर हा हसत होता, बोलत होता, हातवारे करत होता. हाच तो माणूस, ज्याच्याशी मी लग्न केलं. एका सिगारेटपुरता तो परत आला होता. माझ्याही मनात आलं, एक. एकानं काय होतंय.

बाहेर अजून उजेड होता. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघड्या होत्या, खाली कोणीतरी गाडी धूत होतं. वास दाराच्या फटीतून आत आला. मग खोकला. मग चालण्याचा आवाज, पण यावेळी घासण्याचा नव्हे. एक पाऊल, मग ठक. एक पाऊल, मग ठक. कुबडीचं लाकूड फरशीवर टेकल्याचा आवाज. दोन पावलांच्या मध्ये जिथं दुसरं पाऊल असायचं तिथं काही नव्हतं.

नवऱ्याचं हसू उतरलं. त्यानं टेबलाखाली आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. आवाज दारापाशी येऊन थांबला आणि कोणीतरी दाराला टेकलं, कारण कडी खडखडली.

"सरकार," बाहेरून आवाज आला. त्याचाच आवाज, धुरानं खरखरीत झालेला, जसा पूर्वी होता. "उघड की गं. पाय दुखतोय."

माझे हात कडीकडे गेले. मी खोटं सांगत नाही, विचार करायच्या आधी गेले. इतकी वर्षं हा आवाज दुखतंय म्हणाला की मी उठले आहे. माझी बोटं कडीवर होती आणि दाराच्या लाकडातून त्याची ऊब लागत होती. मागे टेबलाशी नवऱ्यानं पाकीट फोडल्याचा आवाज आला. चांदीच्या कागदाचा. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, एक सिगारेट बोटांत धरून, आणि वाट बघू लागला. मी उघडलं असतं तर तो बाहेर गेला असता. ते मला तेव्हा स्वच्छ कळलं. बाहेर गेला असता आणि त्या खुर्चीत बसला असता, आणि मग आत यायला कोणी उरलं नसतं.

"नाही उघडणार," मी म्हटलं.

कडी पुन्हा एकदा खडखडली.

"मी त्याला वाचवलं ना पण," तो म्हणाला. तक्रार नव्हती आवाजात. आठवण करून देत होता.

"वाचवलंस. तुझे उपकार आहेत माझ्यावर, जन्मभर राहतील." मी कडीवरून बोटं काढली. "पण हा मी तुला द्यायची नाही. तू जा."

"कुठं जाऊ?"

याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी कपाळ दाराला टेकवून उभी राहिले आणि म्हटलं, "जा. मला तुम्ही दोघं एकदम परवडत नाही."

तो हसला. त्याचं ते छातीतलं हसू, ज्याच्या शेवटी खोकला यायचा. खोकला आला. मग "बरं" म्हणाला, जसा तो मी काहीही सांगितलं तरी म्हणायचा, आणि पाऊल, ठक, पाऊल, ठक करत निघाला. आमची गॅलरी चार ढांगांत संपते. आवाज तिच्या टोकाशी गेला आणि थांबला नाही. कठड्याच्या पलीकडे, जिथं जमीन नाही, तिथंही तो पाऊल, ठक करत जात राहिला, लांब, आणखी लांब, समोरच्या इमारतीवरून वळून, ऐकू येईनासा होईपर्यंत. नवरा माझ्या मागे हुंदके देत होता. त्याच्या बोटांतली सिगारेट मी काढून घेतली आणि सगळं पाकीट नळाखाली धरलं. त्यानं अडवलं नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. नवऱ्याला तलफ येत नाही. येते, पण ओळखीच्या माणसानं रस्त्यात मान डोलवावी तेवढी. तो चढतो, उतरतो. स्विचला आता खरं कुलूप आहे, किल्ली त्याच्या गळ्यात असते, आणि भाऊजी कामावर असताना काही खात नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय शंभर नंबरी. हळूहळू तो बोलायलाही लागला आहे, आवाज काढून नाही, साधं.

मी बरोबर केलं. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. पण ज्याला घराबाहेर काढलं तोही माझाच नवरा होता, आणि त्याच्या तुटलेल्या पायाला पट्टी कोण बांधतं, तो रात्री कुठं टेकतो, हे मला माहीत नाही. आणि तो मला हवाय. हे मी कोणाला सांगू? घरच्याला तर सांगताच येत नाही.

दुपारी एकटी असले की मी मशीन थांबवते आणि गॅलरीचं दार उघडं टाकून ऐकत बसते. बाई म्हणाल्या होत्या, तलफ दहा मिनिटं असते. माझी जास्त वेळ राहते. मग मी उठून दार लावते आणि समोरची पॅंट आखूड करायला घेते.